सरकारी कामापुरतं नवऱ्याचं नाव

भवानी पेठ, सोलापूर
ता. ९ ऑगस्ट १९३६

मायन्याची जागा कोरी सोडली आहे. नवऱ्याला दोन वर्षांनी पत्र लिहायचं तर वर काय घालावं ते सुचेना, म्हणून तुम्हाला जो आवडेल तो मायना तुम्हीच मनाने वाचून घ्यावा.

दिल्लीच्या सरकारात तुमची नेमणूक झाली तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्या वर्गातल्या मुलींची परीक्षा होऊ द्या, मग येते. तुम्ही म्हणालात, "मग रहा तुझ्या शाळेत," आणि टांग्यात बसलात. मी राहिले. तेव्हापासून तुमची पत्रं येतात ती मामंजींना, आणि शेवटी असतं "घरी सर्वांस यथायोग्य." त्या सर्वांत मी, दावणीची म्हैस आणि माडीवरचे भाडेकरू असे सगळे येतो. म्हशीने तक्रार केलेली नाही. मी करते आहे.

पण हे पत्र घरगुती नाही, सरकारी आहे. माझ्या ओळखीचं सरकार म्हणजे एक तुम्हीच, तेव्हा दुसऱ्या कोणाला लिहिणार?

तर झालं असं. येत्या निवडणुकीत बायकांनाही मत आहे, पुष्कळजणींना आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो असं मामंजींनी पेपरात वाचलं आणि मला घेऊन कचेरीत गेले. टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, "कोणत्या हक्काने? शिकलेली म्हणून की मालमत्तावाल्याची बायको म्हणून?" घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा दोन्ही दारं मला उघडी होती. मामंजी हळूच म्हणाले, "दुसरं सोपं पडंल बग." मी म्हटलं, "शिकलेली म्हणून."

रागावू नका. तुमची बायको असण्याचा हक्क सध्या काय स्थितीत आहे ते मला कळत नव्हतं. शिक्षणाचा हक्क मात्र पक्का होता, तो कोणी टांग्यात घालून नेलेला नाही.

मग वाचता येतं का ते पाहायला कारकुनाने मला एक जाहीरनामा वाचायला दिला. मी वर्गात वाचते तसा वाचला. अख्खी कचेरी गप्प झाली आणि दारातला पट्टेवाला सवयीने हाताची घडी घालून उभा राहिला. इथपर्यंत सगळं झकास. पुढे कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आणि माझी दातखीळ बसली. शिकलेली म्हणून आत गेले, तरी नवऱ्याचं नाव विचारलंच. मामंजींनी ते सांगितलं. इतक्या मोठ्याने सांगितलं की तुम्ही बाहेर आवारात असता तर ओ दिली असती. त्यांना तुमची फार आठवण येते. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी सांगते आहे.

पाकिटावर तुमचं नाव मी लिहिणं शक्य नाही हे तुम्ही जाणताच. ते मामंजींनी लिहिलं आहे. आतलं सगळं माझं.

सोनाबाई

—

भवानी पेठ, सोलापूर
ता. १८ नोव्हेंबर १९३६

मला बढती मिळाली! मामंजींना आलेल्या तुमच्या दिवाळीच्या पत्रात मी 'सर्वांस'मधून बाहेर निघाले आहे. "सूनबाईंस सांगावे की ही निवडणूक मुंबई इलाख्याच्या असेंब्लीची आहे. हिंदुस्थान सरकारशी तिचा थेट संबंध नाही." मामंजींनी हे वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. नवऱ्याने दोन वर्षांनी एक ओळ लिहावी आणि ती चूक दुरुस्त करणारी असावी, यावर दुसरी एखादी रुसून बसली असती. मी बासुंदी केली.

तुमच्या कचेरीत कामं कशी चालतात तेही तुम्ही मामंजींना सविस्तर लिहिलंत, तेव्हा मामंजींच्या पत्रात मी घालायला लावलेले माझे प्रश्न पोहोचले म्हणायचे. मी असं समजले: कागद आला की खालचा कारकून त्यावर टिपण लिहितो, ते वरच्याकडे जातं, तो सही करून त्याच्या वरच्याकडे पाठवतो, तो शेरा मारतो, आणि पुष्कळ वर गेल्यावर ज्याला तो विषय मुळीच ठाऊक नाही असा मोठा साहेब निर्णय देतो. मग तो निर्णय त्याच पायऱ्यांनी खाली येतो. दिल्लीच्या असेंब्लीतल्या सभासदांनी प्रश्न विचारले तर उत्तरं द्यावी लागतात, पण असेंब्लीने नको म्हटलेलं लाटसाहेब हवं म्हणू शकतात. असंच ना? चूक असेल तर कळवावं. तुमच्या दुरुस्त्या मला चालतात.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपलं दोघांचं लग्नही सध्या याच पद्धतीने चाललेलं आहे. तुमचा कागद मामंजींकडे येतो, मामंजी चष्मा पुसून शेरा मारतात, मग तो माझ्याकडे उतरतो. माझं उत्तर मात्र मी तडक तुम्हाला पाठवते. मी शिस्त मोडते आहे, पण काम कोणाचं लवकर होतंय बघा.

आणि हे उन्हाळ्यात अख्खं सरकार उचलून शिमल्याच्या डोंगरावर नेण्याचं काय आहे? पेट्या, कागद, कारकून, त्यांच्या खुर्च्या, सगळं आगगाडीत घालून! आम्हाला इथे एप्रिलात अंगणातली फरशी भाजते. माझं सांगणं असं, की सरकारने एक वैशाख भवानी पेठेत काढावा. शिमला महिनाभर ओस पडू दे, काही बिघडत नाही. लाटसाहेबांना एकदा घागर घेऊन नळापाशी उभं केलं की पाण्याचा प्रश्न खालून वर जायला वेळ लागणार नाही. तुम्ही म्हणाल, पाणी हे दिल्लीचं खातं नव्हे. ठाऊक आहे. पण घागर कोणत्या खात्याची ते रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा.

मतदारांची यादी छापून आली. त्यात मी आहे. माझ्यापुढे तुमचं नाव आहे, मधे एवढीशी जागा सोडून. मामंजींनी बोट ठेवून दाखवलं. दोन वर्षांत आपण इतके जवळ प्रथमच आलो, आणि तेही सरकारी खर्चाने.

सोनाबाई

—

भवानी पेठ, सोलापूर
ता. २१ जानेवारी १९३७

तिळगूळ सोबत पाठवला आहे. पोस्टात चुरा झाला तर पोस्ट हे दिल्लीचं खातं, तक्रार तुमच्याकडेच.

गड्ड्याची जत्रा अजून उठलेली नाही आणि गल्लीत रोज एकीकडे हळदीकुंकू आहे. परवा आपल्याकडे होतं. मी ठरवलं होतं की वाण लुटण्याआधी बायकांना राज्यकारभार समजावून सांगायचा. आपल्या गल्लीत पंधरा-वीसजणी तरी मतदार आहेत. काही नवऱ्याच्या मालमत्तेवर, काही माझ्यासारख्या वाचता येणाऱ्या. पण मत म्हणजे काय, ते कुठे जातं, हे कोणी सांगितलेलं नाही.

मी सांगत होते: गल्लीतला नळ नगरपालिकेचा, शाळा आणि जमिनीचा सारा मुंबईच्या सरकारचा, रेल्वे, पोस्ट, मीठ, फौज दिल्लीच्या सरकारची, आणि त्याच्याही वर विलायत. बजाबाई पुढेच बसली होती. टेंभुर्णीकडची, आपल्या शेजारच्या धोंडीराम पैलवानांची बायको, तुम्हाला लहानपणी चिंचा चोरताना जिने धरलं होतं तीच.

"मंजी सासवा चार आन सून येकच की!" ती म्हणाली. "मत दिल्यावर ह्या चारींतली कोन आपल्याकडं बगनार हाय?"

"मुंबईची," मी म्हटलं.

"आन नळाला पानी?"

"ते मुंबईच्या हातात नाही. थोडं आहे, थोडं नाही."

"मग दिल्लीच्या?"

"दिल्लीच्याही नाही."

"अगं पन मग तुजा नवरा तितं करतो काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी तुमची बाजू घेतली, हे नोंदवून ठेवा. मी म्हटलं, "दिल्लीला एवढा मोठा मुलूख एका दोरीत बांधून ठेवायचा असतो. आपली आगगाडी मद्रासेच्या हद्दीत गेली तरी रूळ तेच लागतात, ते काम तिथे बसलेले लोक करतात. दोरी ओढणारा दूर असणारच. फक्त त्याला गाठ कुठे काचते ते कळत नाही, आणि मत म्हणजे ते ओरडून सांगायची सोय." बजाबाईला हे पटलं. "मंग मी लई मोट्यानं वरडनार," ती म्हणाली.

खरी पंचाईत पुढे आली. मतदानाच्या खोलीत टेबलावरचा माणूस नाव विचारणार, नवऱ्याचं नाव विचारणार आणि यादीशी ताडून पाहणार. हे सांगितलं मात्र, पाखरं उडावीत तशा सगळ्या उठायला लागल्या. परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव? बजाबाईची सून केराबाई तर तिथेच पदर तोंडावर घेऊन बसली. मी म्हटलं, आत्ताच नाही का सगळ्यांनी उखाण्यात नावं घेतली? तसाच तिथे एक उखाणा घ्यायचा. बजाबाईने लगेच तयार करून दाखवला:

"टेबलावर दौत, दौतीत शाई,
धोंडीरामांचं नाव घेते, शिपायाला कसली घाई!"

लई वाहवा झाली. मग प्रत्येकीने करून बघायचा ठरला. आधी यमक, यमकानंतर लाजणं, लाजण्यावर आग्रह, आग्रहावर पुन्हा लाजणं. चौथीचं नाव होईपर्यंत दिवेलागण झाली. असं चाललं तर मतदान आषाढीला संपेल आणि निवडून आलेला माणूस म्हातारा होऊन असेंब्लीत बसेल.

तेव्हा निंगव्वाने युक्ती काढली. ती अक्कलकोटकडची, घरी कानडी, मराठी मोडकं बोलते, पण डोकं चालतं. म्हणाली, "नीव, तुमी, आपला आपला कशाला सांगता? माझा तू सांग, तुझा ती सांगते." आणि ठरलं! रांगेत मागची पुढचीच्या नवऱ्याचं नाव सांगेल. स्वतःच्या तोंडून स्वतःचं कोणी घ्यायचं नाही. इतकी सोपी गोष्ट तुमच्या सगळ्या सेक्रेटरींना मिळून सुचली नसती. आम्ही अंगणात रांग लावून तालीमही केली. मामंजी ओसरीवर कारकून होऊन बसले आणि उगीच खेकसत होते. फार मजा आली.

तुम्ही विचारलंय, म्हणजे मामंजींना विचारलंय, की सूनबाई मत कोणाला देणार. मतदान गुप्त आहे. तुम्ही सरकारी नोकर, तुम्हाला तर मुळीच सांगणार नाही.

सोनाबाई

—

भवानी पेठ, सोलापूर
फेब्रुवारी १९३७, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी

मत दिलं. आता सगळं नीट क्रमाने सांगते, कारण ऐकताना तुम्ही मधे मधे बोलता तशी इथे सोय नाही.

दुपारी आम्ही सगळ्या नवी लुगडी नेसून निघालो, जत्रेला निघाल्यासारख्या. मामंजी पुढे. केंद्रावर पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी. बायकांच्या बाजूला पुरुषांना मज्जाव असल्यामुळे मामंजी फाटकापासून वळले. आत गेलो तर टेबलावर बसलेला पुरुषच. म्हणजे आमची लाज राखायला बाप, भाऊ, सासरे सगळे बाहेर ठेवले, आणि आमच्या नवऱ्यांची नावं विचारायला एक अनोळखी बाप्या आत. हा नियम ज्याने केला त्याने तो आपल्या बायकोला एकदा वाचून दाखवला असता तर तिथल्या तिथे दुरुस्त झाला असता. टेबलावर एखादी मास्तरीण बसवली असती तरी भागलं असतं, सोलापुरात काय आम्ही कमी आहोत? हे तुमच्या साहेबांना सांगा. मुंबईचं खातं असलं तरी सांगा.

मी रांग लावून दिली. माझ्या मागे निंगव्वा, ती माझं सांगणार. सगळ्यांत पुढे बजाबाई. टेबलापाशी कारकुनाने बजाबाईला विचारलं, "नवऱ्याचं नाव?" बजाबाईने ऐटीत मागे हात केला. आणि मागे कोण? तिची सून केराबाई! तालमीला एका घरातल्या बायका वेगवेगळ्या जागी होत्या, इथे सवयीने सून सासूच्या पाठीशी येऊन उभी राहिलेली. सासूचा नवरा म्हणजे हिचा सासरा. त्याचं नाव ती काय घेणार? केराबाईने तोंड झाकलं.

"अहो, नाव सांगा," कारकून म्हणाला.

"तिला न्हाय घेता येत," बजाबाई म्हणाली. "माजं बी मला न्हाय घेता येत. थांबा जरा."

मग केराबाईला मागे काढलं आणि गल्लीतल्याच तानाबाईला पुढे घातलं. तानाबाई तोंड उघडून तशीच उभी. तिच्या नवऱ्याचं नावही धोंडीरामच! तो नव्हे, दुसरा, पण नाव तेच, घ्यायचं कसं? कारकुनाने टाक खाली ठेवला. मागे एकमेकींच्या मागे उभ्या असलेल्या दोन जावा निघाल्या, त्यांनाही अलग करावं लागलं, कारण थोरल्या दिराचं नाव धाकटीला चालत नाही. मी रांगेतून बाहेर येऊन एकेकीला विचारत, हलवत, नवी रांग लावत होते. शेवटी निंगव्वाला ओढून बजाबाईमागे उभी केली. ती खणखणीत म्हणाली, "धोंडीराम!" आणि वर म्हणाली, "पैलवान." बाहेर पुरुषांच्या रांगेत ऐकू गेलं असेल.

आता कारकून अडून बसला. म्हणाला, "मतदाराने स्वतः सांगायचं. दुसऱ्याने सांगितलेलं मी लिहिणार नाही." बायका कुजबुजायला लागल्या. दोघी घरी जायला निघाल्या, म्हणाल्या, नको बाई ते मत. सहा महिन्यांपूर्वी मी यांच्या मागे लागून अर्ज करवले होते. मी कारकुनाला म्हटलं, तुमच्या वरच्या साहेबांना बोलवा. तो उठेना. मग मी जाहीरनामा वाचला होता त्या आवाजात म्हटलं, आणि तो उठला.

वरचे अधिकारी आले. पिकल्या मिशांचे, चष्मेवाले, गृहस्थ चांगले वाटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि कारकुनाला विचारलं, "हे विचारायचं कशासाठी असतं?"

"माणूस तोच आहे हे ओळखण्यासाठी."

"मग शेजारणीइतकं ओळखणारं दुसरं कोण आहे? घ्या लिहून."

झालं. दिल्लीपासून सोलापूरपर्यंत एवढं मोठं यंत्र, आणि ते चाललं ते एका माणसाने नियम कशासाठी आहे हे विचारल्यामुळे. मी तुम्हाला मागच्या पत्रांतून इतक्या सूचना केल्या, त्यातल्या तुम्ही किती वर पाठवल्यात ठाऊक नाही. ही एक तरी पाठवाच. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न स्वतःला विचारायची मुभा द्या, नाहीतर लोकांनी विचारल्यावर न रागावण्याची सक्ती करा.

मग रांग भराभर सरकली. "सिद्धाप्पा!" "ज्ञानबा!" "येडू!" नावं नुसती उडत होती. बायकांना चेवच आला. आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नसलं की दुसरीचं घ्यायला काय मजा येते! मत देऊन झाल्यावर पलीकडच्या दाराने बाहेर जायचं, आणि बाहेर गेलं की परत आत येता येत नाही. एकेक करून सगळ्या गेल्या. रांगेत सगळ्यांना लावता लावता मी बाहेर राहिले होते, ती शेवटी जाऊन उभी राहिले. आणि टेबलापाशी पोहोचले तेव्हा कळलं, माझ्या मागे कोणीच नाही.

हे माझ्या ध्यानातच आलं नाही हो. इतकी व्यवस्था केली, आणि स्वतःला विसरले.

"नवऱ्याचं नाव?" कारकुनाने विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. रिकामी ओसरी. फाटकाबाहेर मामंजींची पगडी दिसत होती, पण तिथून हाक पोहोचत नव्हती. वरचे अधिकारी दुसऱ्या खोलीत गेलेले. कारकून म्हणाला, "तुम्ही तर शिकलेल्या. यादीत तसंच लिहिलंय. सांगा, नाहीतर मला पुढचं काम आहे."

पुढचं काम काही नव्हतं, मीच शेवटची होते. पण तो मला कोंडीत पकडून खूश होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही झाले असते.

मला एकदम तुमचा राग आला. वाटलं, हा मनुष्य दूर दिल्लीत बसला आहे, मला एक ओळ धड लिहीत नाही, आणि त्याच्या नावावाचून माझं मत अडलं आहे. नाही घेत जा, असं म्हणून परत फिरावं, इतपत राग आला. आणि त्या रागाच्या पाठोपाठ तुमची आठवण आली. लग्नात उखाण्यातून घेतलं होतं ते वेगळं. तिथे यमकाचा आधार होता, करवल्यांचा गलका होता. हे नुसतं नाव. पुढे काही नाही, मागे काही नाही.

मी घेतलं.

कारकून म्हणाला, "ऐकू आलं नाही."

मग दुसऱ्यांदा घेतलं. या वेळी त्याने मान वर करून पाहिलं आणि कागद पुढे केला. मी पडद्याआड गेले आणि मत दिलं. बाहेर बजाबाई वाट बघत होती. म्हणाली, "अगं, येवढी लाल का झालीस?" मी म्हटलं, ऊन आहे. ऊन नव्हतं.

तुमच्यावर माझं प्रेम आहे. हे पत्रात लिहायची आपल्याकडे रीत नाही, पण कालपासून मी बऱ्याच रीती मोडल्या आहेत, तेव्हा एक आणखी.

सोनाबाई

—

भवानी पेठ, सोलापूर
ता. १६ मार्च १९३७

पोस्टमन ज्ञानबाने गल्लीच्या तोंडाशीच ओरडून सांगितलं, "मास्तरीणबाई, दिल्लीचं पत्र! तुमच्या नावानं!" मी वर्गाच्या वह्या तपासत होते. मामंजी ओसरीवर होते. त्यांनी पाकीट घेतलं, नाव वाचलं, आणि न फोडता माझ्यापुढे ठेवून म्हैस बघायला गेले. म्हशीला काहीही झालेलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत की शेजारणीची गोष्ट तुम्ही कचेरीत सांगितलीत, आणि तुमचे सुपरिंटेंडेंट इतके हसले की त्यांनी ती वरच्या साहेबांना सांगितली. तेही हसले म्हणता. ठीक आहे. हसत का होईना, आपल्या गल्लीची गोष्ट वरपर्यंत गेली, आणि टिपणाशिवाय गेली. बायकांच्या टेबलावर बाई बसवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

शाळा सोडण्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही असं लिहिलंत. ती ओळ मी वाचली. नंतर माडीवर जाऊन पुन्हा वाचली. मी फार आनंदात आहे. आज मुलींना गणित न देता गोष्ट सांगितली.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात तुम्ही विचारलंत: "नाव कसं घेतलंस?"

मी कालपासून ते लिहायचा प्रयत्न करते आहे. प्रत्येक वेळी टाक थांबतो. लाजेने नव्हे. जे लिहीन ते मतदार यादीतल्या नावासारखंच दिसेल, आणि मी घेतलं ते तसं नव्हतं. ते पोस्टाने पाठवायचं नव्हे. तुमच्या सरकारने कितीही खाती काढली तरी त्याची ने-आण करणारं खातं निघायचं नाही.

तुमची रजा शिल्लक आहे हे तुम्हीच मामंजींना लिहिलंत. शिमल्याची आगगाडी सरकारला घेऊन जाऊ दे, तुम्ही उलट्या दिशेची धरा. इथे ऊन आहे, नळाला पाणी सकाळी तेवढं येतं. मामंजींना मी बाजारात पाठवीन. तुम्ही ओसरीवर बसा आणि त्या कारकुनाने विचारलं तसं विचारा. मी सांगते.

सोनाबाई